ताई, तिन्ही पेट्या रिकाम्या झाल्या

ताई, आधी बातमी सांगते, रडणंबिडणं नंतर. तुमच्या तिन्ही पेट्या रिकाम्या झाल्या. एक साडी उरली नाही, एक खण उरला नाही, टॉवेल-टोप्यासुद्धा गेल्या. भंगारवाल्याला दिलं नाही, बोहारणीच्या गाठोड्यात कोंबलं नाही आणि कुणाच्या लग्नात आहेर म्हणूनही खपवलं नाही. अठ्ठावीस वर्षं तुम्ही मला ऐकवत होतात, "सुनंदा, तुज्यानं ह्या पेट्या हालायच्या नायत." हालल्या. तुम्हाला जाऊन दीड महिना होतोय, आणि मी शेलूच्या तिसऱ्या मजल्यावर नव्या ओट्यापाशी जमिनीवर बसून हे लिहितेय. खुर्च्या अजून सुतळीनं बांधलेल्याच आहेत.

जावाजावांचं पटत नाही असं लोक धरूनच चालतात. आपलं पटत होतं, असं मी म्हणणार नाही. तेराव्याला आलेल्या बायका तसं म्हणत होत्या तेव्हा मी मान हलवली, पण तुम्हाला खोटं सांगून काय उपयोग? आपण भांडायचो. कुंभिवलीच्या त्या स्वयंपाकघरात दोन बायका, एक ओटा आणि भांडायला विषय एकच, पसारा. तुम्ही काहीही टाकायचा नाहीत. आइस्क्रीमचे डबे, डबा हरवलेली झाकणं, झाकण हरवलेले डबे, सुतळीचे वीतभर तुकडे, पिशव्यांनी भरलेली पिशवी. मी टाकायची आणि तुम्ही मागच्या दारानं परत आणायचात. काठ उसवलेली टोपली मी सकाळी उकिरड्यावर फेकली, तर संध्याकाळी ती पुन्हा खुंटीला. का म्हणून विचारलं, तर म्हणालात, "पिल्लांवर झाकायला हुईल." आपल्याकडच्या कोंबड्या बंद होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

पण ही झाली किरकोळ भांडणं. खरं भांडण पेट्यांवरून. पत्र्याच्या तीन पेट्या आतल्या खोलीत भिंतीला लागून ओळीनं ठेवलेल्या. त्यात नेसायचं काही नव्हतं, होतं ते सगळं देण्याघेण्याचं. लग्नाला, बारशाला, वास्तुशांतीला कुणी साडी दिली की तुम्ही ती दोन्ही हातांनी घ्यायचात, कपाळाला लावायचात आणि पेटीत ठेवायचात. पुढच्या कुणाच्या लग्नाला त्यातलीच एक बाहेर निघायची आणि त्या घरच्या पेटीत जाऊन बसायची. कर्जत-खालापुरातल्या निम्म्या साड्या कुणाच्याही अंगाला न लागता अशा गावोगाव फिरतायत, हे माझं ठाम मत आहे आणि मी ते तुमच्या तोंडावर शंभरदा सांगितलंय. तुम्ही म्हणायचात, "फिरू दे की. तुजं काय खातायत?"

या फिरण्यात फक्त एकच पाप होतं. जिनं दिली तिलाच ती साडी परत जाणं. ते होऊ नये म्हणून तुमचे दोरे. तुम्ही दुसरीतून शाळा सोडलेली, लिहिण्याचा कंटाळा, पण पदराच्या आतल्या कोपऱ्याला तुम्ही सुईनं एक दोरा ओवून ठेवायचात. खालापूरकडून आलेल्या साडीला हिरवा, कर्जतकडच्या साडीला तांबडा. आपल्या घरच्या लेकीनं, म्हणजे वन्संनी दिलेली असेल तर दोन गाठी, बाकी सगळ्यांना एक. साडी घराबाहेर निघताना दोरा कापायचा. एवढ्यावर तुम्ही तीस-पस्तीस वर्षं व्यवहार सांभाळलात आणि एकदाही चूक झाली नाही, असं तुम्ही सांगायचात आणि सगळं गाव मानायचं.

आणि मी बारावी झालेली. एका दिवाळीच्या साफसफाईत मला ते लोंबणारे दोरे गबाळे वाटले. तुम्ही माहेरी गेला होतात. मी दोन दिवस बसून सगळे दोरे कापले आणि प्रत्येक घडीत एक चिठ्ठी सरकवली, कोणाकडून, कुठल्या कार्याला, आठवून आठवून, सुवाच्य अक्षरात. तुम्ही परत आल्यावर पेटी उघडून बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "अक्षर झ्याक हाय गं तुजं." मी त्या दिवशी फुशारकीनं फुगले होते. चिठ्ठ्या घडीत नुसत्या सरकवलेल्या होत्या, साड्या वरखाली झाल्या की त्या सुटतात आणि एकीतली दुसरीत जाते, हे मला कळायला वर्ष लागलं.

ते वर्ष वन्संच्या मुलीच्या लग्नाचं. नऊ वर्षं झाली त्याला. मुलीच्या आईला माहेरचा मानाचा आहेर, तो काही पेटीतला चालत नाही. तुम्ही स्वतः कर्जतच्या बाजारात जाऊन, चार दुकानं पालथी घालून, वांगी रंगाची नवी साडी आणलीत आणि ती तिसऱ्या पेटीत ठेवलीत. निघायच्या घाईत मला सांगितलंत, "वांगी रंगाची काड." मी काढली. तिसऱ्या पेटीत वांगी रंगाच्या दोन साड्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. दोरे असते तर एका नजरेत कळलं असतं, जुनीला दोरा आणि नवीला नाही.

कोंडाण्याला, वन्संच्या सासरी, मांडवात सगळ्या माणसांसमोर त्यांनी घडी उकलली. ती त्यांनीच चार वर्षांपूर्वी तुम्हाला दिलेली साडी होती. त्यांच्या जाऊबाईंनी ओळखली, कारण दोघींनी मिळूनच ती घेतली होती. "ही तर तूच दिलतीस ना गं तुज्या वयनीला?" एवढंच त्या म्हणाल्या आणि मागं कुणीतरी हसलं. वन्संनी ती साडी नेसली, सगळे विधी केले, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मी पुढं होणार, तेवढ्यात तुम्ही माझा दंड धरलात आणि म्हणालात, "माजी चूक झाली वन्सं. माज्याच हातून झालं."

त्या दिवसापासून वन्सं तुमच्याशी बोलल्या नाहीत. खरी साडी तुम्ही दोनदा काढून त्यांच्यापुढं ठेवलीत, त्यांनी हात लावला नाही. दिवाळीला येत राहिल्या, भाऊबीजेला ह्यांना ओवाळत राहिल्या, माझ्याशी हसून बोलत राहिल्या. तुमच्या हातचं जेवायच्या आणि भाजी हवी असली की मला सांगायच्या, तुम्ही वाटी हातात घेऊन शेजारी उभ्या असलात तरी.

मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, की मी सांगून टाकते. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ओट्यापाशी म्हटलं होतं. तुम्ही भाकरी थापत होतात. म्हणालात, "नको. मोठे भावोजी तुजे गेले. आता वन्संला भाऊ राह्यला एकच, तुजा नवरा. तुज्यावर रागावल्या तर भावाच्या दारात यायच्या बंद हुतील. माज्यावर रागावल्या तर येत तरी राहतील." मग भाकरी उलटलीत आणि वर म्हणालात, "मला काय, सवय हुईल." सवय झाली का हो, ताई? हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं म्हणून मी गप्प बसले, असं मी नऊ वर्षं स्वतःला समजावत होते, आणि त्यातलं अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे, मी घाबरले होते आणि तुमच्या आड उभं राहणं मला सोयीचं होतं.

मग जागा द्यायचं ठरलं. हायवेला लागून असलेल्या सगळ्यांनीच दिल्या, तिथं गोदाम येणार, आपण तरी किती दिवस ट्रकांच्या धुरात बसणार? तुम्हीही सही केलीत. माझ्या स्नेहलच्या नोकरीला सोयीचं म्हणून शेलूला फ्लॅट बघितला, हॉल, स्वयंपाकघर आणि एक खोली. तुमचा पहिला प्रश्न, "पेट्या कुटं ठेवशील?" मी म्हटलं, पेट्या येणार नाहीत. तुम्ही म्हणालात, "मंग मी बी नाय येत." आणि तुम्ही आलाच नाहीत. पंधरा दिवसांत, भर दुपारी, तांदूळ निवडता निवडता. या एका वाक्याचा मला तुमच्यावर अजून राग आहे. शेवटचा शब्द नेहमी तुमचाच असायचा, तो यावेळीही तुम्हीच घेतलात.

तुमच्या तेराव्याला काय झालं ते ऐका, तुम्हाला आवडेल. दुखवटा काढायला पाहुणे आले, म्हणजे अर्थात साड्या घेऊन आले. तुमच्या जाण्यानंही पेटीत अकरा साड्यांची भर पडली. हे म्हणाले, "वहिनी गेली, पण आवक चालू आहे." मी रडत होते आणि मला हसू आलं, आणि ते लपवायला मी आतल्या खोलीत गेले. तिथं मी त्या साड्या ठेवत असताना वन्संनी दिलेल्या मोरपिशी साडीचा पदर जरा सरकला. आतल्या कोपऱ्याला हिरवा दोरा. एक गाठ, दातानं ओढून घट्ट केलेली.

मी तिथंच पेटीवर बसले. तुमचाच दोरा होता. मी दोरे कापायच्या आधीच ही साडी आपल्या घरातून बाहेर पडली होती, आणि ती देताना तुम्ही दोरा कापायला विसरला होतात. खालापूरकडून आपल्याकडे, आपल्याकडून कुणाकडे, तिथून आणखी कुणाकडे, असं करत ती कोंडाण्याला पोचली आणि वन्संनी ती आपल्याला परत दिली. म्हणजे आपली साडी आपल्यालाच. ज्या चुकीपायी त्यांनी नऊ वर्षं तोंड फिरवलं, तीच चूक त्यांच्या हातून झाली होती, आणि तीही तुमच्या तेराव्याला. ताई, मला आनंद झाला. लपवत नाही. मी ती साडी वेगळी ठेवली आणि पुढचे कितीतरी दिवस मनातल्या मनात वन्संना तो दोरा दाखवत होते, प्रत्येक वेळी नवं वाक्य जुळवून.

मधल्या दिवसांत घर आवरायला घेतलं. मला वाटलं होतं, तुम्ही अडवायला नाही म्हटल्यावर मी दोन दिवसांत सगळं साफ करीन. अठ्ठावीस वर्षं ज्याची वाट बघितली ते काम. आणि पहिल्याच सकाळी मी एका झाकणाशी अडले. पिवळं प्लॅस्टिकचं झाकण, त्याचा डबा कधीचाच गेलेला. टाकायच्या पोत्यात टाकलं, काढलं, पुन्हा टाकलं, पुन्हा काढलं. स्नेहल म्हणाली, "काकू, ते झाकण आहे." माझ्या पोटची असून ती लहानपणापासून तुम्हाला आई आणि मला काकू म्हणते, कारण आळीतली सगळी लहान पोरं मला काकू म्हणायची आणि तुम्ही तिला वाढवलीत. मग ती जरा नरमाईनं म्हणाली, "फोटो काढून ठेवू या का? फोटो ठेवायचा, वस्तू द्यायची." तिनं झाकणाचा फोटो काढला. आता माझ्या मोबाइलमध्ये एका झाकणाचा फोटो आहे आणि झाकणही माझ्या नव्या ओट्याखाली आहे.

पेट्यांना तर मी हातच लावू शकले नाही. ज्या पेट्यांसाठी मी तुमचं डोकं खाल्लं, त्या उघडून मी नुसती बसायची. एक टॉवेल बाहेर काढायची, याला देऊ का त्याला देऊ म्हणायची, आणि परत घडी घालून आत ठेवायची. बोहारीण आली, तिनं पेटीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "अख्खी पेटी दे, हा मोठा टोप देते." पूर्वी मी वरून एक झारा मागून घेऊन सौदा केला असता. त्या दिवशी तिला असं बोलले की ती जाताना ह्यांना विचारून गेली, बाईंना बरं नाही का. मला तुमचं म्हणणं तेव्हा कळलं. त्यातली एकेक साडी म्हणजे कुणीतरी आपल्या दारात आल्याची खूण होती. कुणाच्या मांडवात आपण गेलो, कोण आपल्याकडे आलं, हे तुम्ही पेटीत ठेवलं होतं. आणि तुमच्या अंगावरच्या साड्या किती निघाल्या? चार. तीन पेट्या भरून साड्या सांभाळणारी बाई चार साड्यांवर राहिली, हे मी रोज डोळ्यांनी बघत होते आणि माझ्या ध्यानात आलं नाही.

रविवारी टेंपो येणार होता. गुरुवारी वन्सं आल्या. भावाचं घर उठतंय म्हटल्यावर त्यांना कोंडाण्याला बसवेना. मी पेटी उघडून ठेवली होती आणि मोरपिशी साडी सगळ्यांत वर, दोरा बाहेर लोंबेल अशी. माझा बेत पक्का होता. वन्सं खाली बसल्या, पेटीतला एक खण उचलून नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "वयनीच्या पेटीचा वास." आणि मग, माझ्याकडे न बघता, "मी बोलायला पायजे व्हतं गं. शेवटी शेवटी लय वाटायचं. पन चूक तिची, मंग पयलं मीच का बोलायचं?"

माझी सगळी जुळवलेली वाक्यं गेली. मी म्हटलं, "वन्सं, चूक ताईंची नव्हती. माझी होती."

सगळं सांगितलं. दोरे, चिठ्ठ्या, दोन वांगी साड्या, मांडवात तुम्ही धरलेला माझा दंड. वन्सं ऐकत होत्या. मग उठल्या आणि मागच्या अंगणात गेल्या. बालदीत पाणी पडल्याचा आवाज आला, तोंड धुतलं असावं. परत येऊन उंबऱ्यातच बसल्या.

"नव वरसं," म्हणाल्या. "तिच्या हातचं जेवले आन् कदी चांगलं झालंय म्हटलं नाय. ती का नाय बोलली?"

"तुमचं येणं बंद होईल म्हणून. माझ्यावर राग धरलात तर भावाचं दार सुटेल, म्हणाल्या. त्यांच्यावर धरलात तर येत राहाल."

वन्संनी पदर तोंडावर घेतला. त्या मोठ्यानं रडणाऱ्या बाई नाहीत, तुम्हाला माहीत आहे, तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा त्यांचा आवाज निघाला नव्हता. आता निघाला. मीही रडले. ताई, तुम्ही गेल्यापासून मी पहिल्यांदाच पोटभर रडले, कारण आता त्या रडण्यात चोरी नव्हती.

मग त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "तू बी नाय बोललीस."

"नाही."

"भ्यालीस?"

"हो."

"तोंडानं तर लय मोटी हायेस," म्हणाल्या, आणि ते अगदी खरं असल्यामुळं मी ऐकून घेतलं.

दोरा मी त्यानंतर दाखवला. आता तो दाखवण्यात जिंकण्यासारखं काही नव्हतं, पण त्यांना कळायला हवं होतं असं वाटलं. त्यांनी पदर हातात घेतला, गाठ बोटांनी चाचपली, आधी कळलं नाही, मग कळलं. "म्हंजे मी बी?" म्हणाल्या. मी म्हटलं, "तुम्ही बी. आणि ताई पण. दोरा कापायला विसरल्या होत्या." तुम्ही विसरलात, हे ऐकून वन्संना हसू फुटलं, ते त्यांना आवरेना आणि मलाही. हे बाहेरून धावत आले, त्यांना वाटलं कुणाला तरी काही झालं. दोन बायका उघड्या पेटीला टेकून हसताना बघून ते परत गेले. तीस वर्षांत तुमची एकच चूक, ताई, आणि ती आमच्या कामी आली.

पेट्यांचं काय करायचं, ते वन्संनीच सांगितलं. मी म्हटलं, माझ्यानं हे कुणाला देववत नाही. त्या म्हणाल्या, "दिलंस तर परत पेटीतच जाईल. घडी मोड. दुसरा उपाव नाय." नवी साडी पहिल्यांदा नेसणं म्हणजे घडी मोडणं, आणि आपल्यात नव्या साडीची घडी आपण आपली मोडत नाही, जिव्हाळ्याच्या बाईला पहिल्यांदा नेसायला देतो. एकदा घडी मोडली की साडी आहेरात चालत नाही. मग ती फक्त नेसायची असते. इतकं सोपं होतं, आणि अठ्ठावीस वर्षं भांडून मला सुचलं नाही.

शनिवारी सकाळी आळीतल्या सगळ्या बायका बोलावल्या. वन्संनी दारातच नियम सांगितला, "आवडंल ती घ्यायची. पन घरी न्यायची नाय, हितंच नेसायची." जिजाकाकींनी आधी नाक मुरडलं. गेलेल्या बाईची पेटी अशी उधळू नये, म्हणाल्या. वन्सं म्हणाल्या, "काकी, तिनं नेसलेली एक बी नाय हिच्यात. तिची असती तर तुमाला मागून बी मिळाली नसती." काकींनी सगळ्यांत आधी हात घातला आणि लिंबू रंगाची काढली.

काय ती सकाळ, ताई. आतल्या खोलीत, मधल्या खोलीत, मागच्या पडवीत, जिथं जागा मिळेल तिथं बायका निऱ्या करत होत्या. वीस-वीस वर्षं घडीत राहिलेल्या साड्या, घडीच्या रेघा काही जाईनात. सगळीकडं डांबरगोळ्यांचा वास. हिरव्या साडीवर लाल पोलकं, गुलाबीवर निळं, कुणाला पर्वा नाही. एकीला आपल्याच आईनं दिलेली साडी सापडली, आई जाऊन दहा वर्षं झालेली, तिनं ती साडी छातीशी धरली आणि मग नेसली. ज्यांचं त्यांना परत जाणं हे पाप म्हणायचात ना तुम्ही? त्या दिवशी ते पुण्य झालं. खण आळीतल्या पोरींना वाटले, टॉवेल-टोप्या ह्यांनी गोदामाच्या कामावरच्या माणसांना वाटल्या आणि स्वतः एक टोपी घालून दिवसभर हिंडले.

वन्संनी वांगी रंगाची नेसली. खरी, नवी, तुम्ही चार दुकानं फिरून आणलेली. मी निऱ्या धरल्या. आरशात बघून म्हणाल्या, "रंग चांगला निवडलाय." हे त्या तुम्हाला म्हणाल्या, मला नाही. मी मोरपिशी नेसले.

आणि मग जिजाकाकींनाच हुक्की आली, की एवढ्या नेसलो तर घरात काय बसायचं. सगळ्या निघालो. आळीतून, विहिरीवरून, थेट हायवेच्या कडेपर्यंत, तीसेक बायका, तुमच्या तिन्ही पेट्या अंगावर घेऊन. टपरीवरची माणसं चहा हातात धरून उठून उभी राहिली. एका ट्रकवाल्यानं गाडी हळू करून विचारलं, कुणाचं लगीन हाय? काकी म्हणाल्या, "आमच्या यशोदाच्या पेट्यांचं." त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं हॉर्न वाजवला. मी इतकी ताठ मानेनं त्या रस्त्यावरून कधी चालले नव्हते, माझ्या लग्नातसुद्धा नाही. माझं म्हणणं होतं, पेट्या मोकळ्या करा. तुमचं म्हणणं होतं, यातलं आपलं काही नाही, सगळं दुसऱ्यांना द्यायचं. दोघींचंही खरं झालं.

रविवारी टेंपो भरला. रिकाम्या पेट्यांपैकी दोन शेजाऱ्यांनी धान्याला मागून नेल्या, एक मी आणली, तुमच्या चार साड्यांसाठी. म्हणजे आता तीन. वन्संनी एक मागून घेतली, ती विटक्या चौकड्यांची सुती. नवी एवढी मिळाली तरी जुनी कशाला, असं मी विचारलं नाही.

हे कुलूप घेऊन उभे होते. घर मोकळं झालं की आवाज घुमतो, तुम्हाला ते आवडलं नसतं. वन्सं कोंडाण्याला जायला निघाल्या. गेली नऊ वर्षं त्या निघताना भावाला "येते" म्हणायच्या, मला म्हणायच्या, स्नेहलच्या गालावरून हात फिरवून तिला म्हणायच्या आणि स्वयंपाकघराच्या दारावरून तशाच पुढं जायच्या. आणि त्यांचा आवाज बाहेर आला की तुम्ही दर वेळी गॅस बारीक करायचात, हाक आलीच तर ऐकू यावी म्हणून. हे त्यांना कधी दिसलं नाही, मला दिसायचं. मी ते त्यांना दारात सांगितलं. त्या पायरी उतरल्या होत्या, परत चढल्या. रिकाम्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि ओट्याकडे बघून म्हणाल्या, "वयनी, येते मी."

उत्तर द्यायला तुम्ही नव्हतात. मीच दिलं. "या वन्सं," म्हटलं, "आता शेलूला या."